झोपाळा काढा आणि सुरुवात करा: साथीच्या दिवसांतला घरचा व्यायाम

२०२० च्या मार्चपर्यंत माझं बरं चाललं होतं. पहाटे साडेपाचला बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघायचं, काळा घोडा चौकातून कामाटीबाग गाठायची, दोन फेऱ्या मारायच्या, परतताना जमलं तर आखाड्यात शिरून पन्नास जोर काढायचे आणि सातच्या आत घरी चहा. बावीस वर्षं हाच क्रम. मग २५ मार्चला करोनामुळे टाळेबंदी लागली. बागेला कुलूप, आखाड्याला कुलूप. पहिले चार दिवस सुट्टी लागल्यासारखी मजा वाटली. मे संपेपर्यंत माझं वजन सहा किलोने वाढलं होतं, आईचे गुडघे आखडले होते, लेक दुपारी बाराला उठत होती आणि चौथा चहा कोण करणार यावरून घरात रोज वाद होत होता.

त्यानंतर घडी बसवायला मला जवळजवळ तीन महिने लागले. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मी स्वतः आजारी पडलो आणि ती घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागली. आता भाचे, ऑफिसातली मुलं, जुने बागवाले फोन करून विचारतात, "काका, घरात नेमकं करायचं काय?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मग पुढचं वाचा.

१. आधी वेळ ठरवा, व्यायाम नंतर

सगळे उलट करतात, मीही केलं. कुठले व्यायाम करावेत याचे व्हिडिओ मी तीन आठवडे पाहत होतो, तेही झोपाळ्यावर पडून, हातात चिवड्याची वाटी घेऊन. बागेत आपण रोज जायचो ते व्यायामाच्या ओढीने नव्हे. फाटकाशी चार माणसं वाट बघत असायची आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी "काय साहेब, झोप लागली वाटतं?" हे ऐकावं लागायचं. घरात वाट बघणारं कुणी नसतं.

म्हणून घरात रोज ठरल्या वेळी होणारी एखादी गोष्ट पकडा आणि व्यायाम तिला बांधून टाका. आमच्याकडे सहाला दूधवाला घंटी वाजवतो. पिशवी आत घेतली, पातेल्यात ठेवली की पायात बूट, असा नियम केला. तुमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ असेल, देवपूजा असेल, मुलांचा ऑनलाइन वर्ग सुरू व्हायची वेळ असेल. संध्याकाळ सोयीची असेल तर दिवेलागणीच्या आधीची धरा, जेवणानंतरची नको. रविवारी सूट नाही. एका रविवारी उशिरा उठलं की सोमवार आपोआप जातो, हे मी चार वेळा करून पाहिलं आहे.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

२. जागा मोकळी करा

उताणे झोपा, हात डोक्यावरून मागे ताणा, मग बाजूला पसरा. कुठेही काही लागलं नाही तर तेवढी जागा पुरे. बहुतेक घरांत ती असते, फक्त तिच्यावर काहीतरी मांडलेलं असतं.

आमच्याकडे झोपाळा होता. बडोद्यातल्या मराठी घरांनी गुजराती शेजाऱ्यांकडून जे जे मनापासून उचललं त्यात झोपाळा पहिला. आमचा आजोबांच्या वेळचा, सागवानी पाट, पितळी सांकळ्यांत मधे मधे हत्ती आणि मोर. दिवाणखान्याचा अर्धा भाग त्याचाच. तो काढायचा म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. शेवटी चार सांकळ्या जुन्या धोतरात गुंडाळून, पाट भिंतीला उभा केला, तेव्हा कळलं की आमच्या घरात चटई टाकायला जागा आहे. एक इशारा: मोकळ्या झालेल्या कड्यांना लोंबकळून वर खेचायचे व्यायाम करू नका. जुन्या तुळईतली कडी सावकाश झोके सहन करते, एका जागी बसणारे हिसके तिला सहन होतील याची खात्री नाही.

जमिनीचं म्हणाल तर लादी आणि घाम यांचं जमत नाही. मोजे घालून तर मुळीच नको. रबरी मॅट नसेल तर जाड सतरंजी घ्या आणि तिची पुढची कड भिंतीला टेकवा, म्हणजे हात टेकले की ती पुढे सरकत नाही.

वाड्यात किंवा जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहत असाल तर उड्या विसरा. मी मोठ्या उत्साहाने दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू हातात पोह्यांची बशी घेऊन वर आल्या. पोह्यांवर कोथिंबीर, खोबरं आणि आमच्या तक्तपोशीतून पडलेली माती. "भाऊ, एवढं खाऊन तुम्हीच सांगा कसं झालंय," म्हणाल्या. दोरी त्याच दिवशी पोटमाळ्यावर गेली.

गच्ची असेल तर उत्तमच. पण दोन गोष्टी बघा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, अडकलेला मांजा मार्च-एप्रिलपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यांत पडून असतो, अनवाणी पायाला तो ब्लेडसारखा कापतो, तेव्हा पहिल्या दिवशी झाडू घेऊनच वर जा. आणि बडोद्याचा उन्हाळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर गच्चीवर काही करण्यात अर्थ नाही. सामायिक गच्ची असेल तर बिऱ्हाडवार वेळा वाटून घ्या आणि जिन्यात कागद चिकटवा. तोंडी ठरवलेल्या वेळा दोन दिवस टिकतात.

३. जवळ काय हवं

- मॅट किंवा सतरंजी, आणि फक्त घरात वापरायचे बूट
- चाकं नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची
- एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरून. झाली दोन वजनं, एकेक किलोची
- तापमापक आणि ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारं यंत्र)
- भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. दोरा नसेल तर पेन चौथ्या दिवशी नाहीसं होतं
- एक फाइल: सगळ्यांची आधार कार्डं, विम्याचे कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, जुने ईसीजी आणि रक्ताचे अहवाल, लसीची प्रमाणपत्रं. रात्री दोनला हे शोधायची वेळ आमच्यावर आली होती

व्यायामाचं यंत्र घेऊ नका. माझ्या चुलतभावाने घेतलेल्या सायकलवर आज टॉवेल वाळतात. आणि पोटमाळ्यावर आजोबांचे मुद्गल (फिरवायचे जड लाकडी सोटे) सापडले तर हात लावून नमस्कार करा आणि परत ठेवा. दिवाणखान्यात ते फिरवले तर पहिला बळी टीव्हीचा.

४. पहिले पंधरा दिवस कमीच करा

बावीस वर्षांची सवय शरीर दोन महिन्यांत विसरतं. मन विसरत नाही, आणि घात तिथेच होतो. मी पहिल्याच सकाळी पन्नास जोर काढायला गेलो आणि अठराव्याला खांद्यात अशी कळ आली की पुढचे दहा दिवस शर्ट बायकोने चढवला.

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला सूर्यनमस्कारांचा. साहित्य लागत नाही, साडेपाच-सहा फुटांत होतात, खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. पहिले तीन दिवस फक्त तीन. मग एक दिवसाआड एकेक वाढवत बारापर्यंत. घाई केली की मनगटं आणि कंबर बोलू लागतात. गुडघे जमिनीला टेकवून केलं तरी चालतं, लाज वाटायचं कारण नाही, घरात बघतंय कोण! मनगट दुखत असेल तर जमिनीऐवजी भिंतीवर हात टेकून जोर काढा. भिंतीपासून पाय जितके लांब, तितकं जड.

चालणं घरातल्या घरातही होतं. आमची पडवी अकरा पावलांची आहे. सरळ जाऊन वळत राहिलं की चक्कर येते आणि नेहमी एकाच बाजूला वळल्याने तोच गुडघा दुखतो, म्हणून दोन खुर्च्या मांडून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चालायचं. एक वळण डावं, एक उजवं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. एकदम अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. मध्यम म्हणजे काय ते ओळखायची सोपी खूण अशी की चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमत असेल तर वेग वाढवा, बोलणं तुटत असेल तर कमी करा.

आपल्या गावाला व्यायामाची ही परंपरा नवी नाही. वस्ताद जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी इथेच बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या पोरं घडवली. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याजवळच्या डभोईत जन्मले आणि माणिकरावांच्याच हाताखाली तयार झाले. आमच्या आखाड्यातले एक जुने वस्ताद म्हणायचे, शिकवलेलं विसरला तरी चालेल, उभं कसं राहायचं ते विसरू नकोस. टाळेबंदीत आरशासमोर उभा राहिलो तेव्हा दिसलं, तेच विसरलो होतो. खांदे पुढे, पोट त्याच्याही पुढे.

५. बसणं मोडा

सकाळी अर्धा तास घाम गाळून उरलेला दिवस खुर्चीत घालवला तर फार काही हाती लागत नाही. घरून काम करणाऱ्यांनी पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नये. स्वयंपाकघरात ठेवावी आणि प्यालाही छोटा घ्यावा, म्हणजे तासाभरात एकदा उठणं होतं. फोन उभ्याने घ्या. दुपारची डुलकी वीस मिनिटं, गजर लावून. रात्री झोप येत नाही म्हणणाऱ्या दहातल्या आठांची दुपार मी विचारून पाहिली आहे.

फरसाणाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर. स्टुलावर चढून बाकरवडी काढणाऱ्या माणसाला घरातले सगळे बघतात, एवढं पुरतं.

६. म्हातारी माणसं आणि मुलं

आई ७६ वर्षांची. व्यायाम कर म्हटलं की म्हणायची, "मी काय रिकामटेकडी आहे?" मग व्यायाम हा शब्दच काढून टाकला. गच्चीवरच्या तुळशीला रोज एकवीस प्रदक्षिणा घालायच्या, हे तिला लगेच पटलं. हळूहळू त्यात भर घातली: ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा दहा वेळा उचलणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं. पहिल्या दिवशी तिला एकदाही उठता आलं नाही. पाचव्या आठवड्यात पाच वेळा उठली आणि मग दिवसभर प्रत्येकाला करून दाखवत बसली. ६५ च्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम करावा असं सांगतात. त्याचा खरा उपयोग न्हाणीघरात होतो.

सापळे इथे जास्त आहेत. झिजलेली रबरी चप्पल, पायपुसण्याची वळलेली कड, रक्तदाबाची गोळी घेऊन झटकन उठणं. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं बसायला लावा.

लेकीला नमस्कार कंटाळवाणे वाटायचे. २०२० च्या नवरात्रात मैदानावरचा गरबा झालाच नाही, आणि बडोद्याच्या पोरीला गरबा नाही म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजायचं नाही. तिने दिवाणखान्यातच रोज अर्धा तास सुरू केला. मी एकदा बरोबर उतरलो आणि सातव्या मिनिटाला भिंत धरली. पोरांना आपला व्यायाम शिकवायला जाऊ नका, त्यांचा त्यांना करू द्या. फक्त अनवाणी, आणि उडीशिवाय. खालच्या काकूंचे पोहे लक्षात असू द्या.

७. बाहेर पडायची मुभा मिळाली तेव्हा

आधी वेळेचा हुकूम नीट वाचावा लागायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये बडोद्यात रात्री ९ ते सकाळी ६ संचारबंदी लागली, तेव्हा आमच्यातला एक जण नेहमीप्रमाणे पावणेसहाला निघाला. पोलिसांनी त्याला सूर्यसागर तलावाशी अडवलं, पंधरा मिनिटं ओट्यावर बसवलं आणि सहाला सोडलं. सुरसागराला तो हट्टाने सूर्यसागरच म्हणतो, पोलिसांनाही तेच सांगत बसला म्हणे.

मास्क लावून चालता येतं, धावता येत नाही. घामाने मास्क ओला होतो आणि ओल्या कापडातून श्वास ओढणं जड जातं, म्हणून खिशात दुसरा कोरडा ठेवा. जोरात धापा लागतील असं काही करायचं असेल तर मास्क काढता येईल इतकी ओस जागा शोधा, नाहीतर ते घरातच करा. पुढे झडप असलेले मास्क नकोत, ते तुमचा उच्छ्वास तसाच बाहेर सोडतात. आमची चौघांची ओळ जाऊन दोघांच्या जोड्या झाल्या, मधे दोन हात अंतर. गप्पा ओरडून माराव्या लागायच्या आणि त्यामुळे निम्म्या आपोआप गळायच्या.

व्यायामशाळा ऑगस्ट २०२० मध्ये उघडल्या. बंद खोली, एसी आणि धापा टाकणारी दहा माणसं, यात मी तरी शेवटी जायचं ठरवलं.

८. आजारातून उठल्यावर

हा भाग घाईत वाचू नका.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला ताप आला, चाचणीत करोना निघाला, मागच्या खोलीत रवानगी झाली. आजार सौम्य होता. दहा दिवस झाले, शेवटचे तीन दिवस ताप नव्हता, खोलीतून सुटका झाली. दुसऱ्या दिवशी सहाला घंटी वाजली. दुधाची पिशवी घेतली आणि सवयीने बूट चढवले. बरं वाटत होतं, म्हणून थेट बारा नमस्कार. आठव्याला डोळ्यांपुढे काजवे आले. उंबऱ्यावर बसलो, बायकोने बोटाला ऑक्सिमीटर लावला: नाडी १३८, आणि दहा मिनिटांनीही शंभराच्या खाली येईना. डॉक्टरांनी फोनवर आधी झापलं, मग समजावलं: खोलीतून सुटका म्हणजे लागण पसरायचा धोका संपला एवढंच. हृदय आणि फुप्फुसं सावरली का, हा प्रश्न वेगळा.

त्यांनी दिलेला क्रम असा होता. लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस व्यायामाचं नाव नाही, घरातली नेहमीची हालचाल तेवढी. मग पहिला आठवडा संथ श्वसन, हातपाय ताणणं, सावकाश चालणं. दुसरा आठवडा थोडं जास्त चालणं, हलकी घरकामं. यात दम लागला नाही, दुसऱ्या दिवशी अंग गळालं नाही, तरच तिसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं मध्यम व्यायाम, मग विश्रांती, मग पुन्हा पाच मिनिटं. एकेक पायरी किमान सात दिवसांची. त्रास झाला की मागच्या पायरीवर. इस्पितळात राहून आलेल्यांनी, ऑक्सिजन लागलेल्यांनी किंवा छातीत दुखलेल्यांनी हा क्रम स्वतःहून सुरू करू नये, आधी तपासून घ्यावं.

ऑक्सिमीटर नीट वापरा. पाच मिनिटं शांत बसा, हात गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा. बोट घातल्या घातल्या दिसणारा ऑक्सिजनचा आकडा खरा मानू नका, अर्ध्या-एक मिनिटाने स्थिर झालेला घ्या. आजारपणात सहा मिनिटं चालून पाहायची चाचणीही याच यंत्राने होते: आधी आकडा घ्यायचा, खोलीत सपाटीवर सहा मिनिटं न थांबता चालायचं, पुन्हा घ्यायचा. आकडा ९३ च्या खाली गेला, आधीच्यापेक्षा तीनाहून जास्त घसरला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टर. दम्याच्या रोग्यांनी आणि फार थकलेल्यांनी ही चाचणी मनाने करू नये. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल तर चालून बघायचा प्रश्नच नाही.

व्यायाम सुरू केल्यावर छातीत दुखणं, धडधड न थांबणं, भोवळ, थोड्याशा चालण्याने धाप, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी थांबा. "थोडं होतच असतं" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

सकाळी अंथरुणात पडल्यापडल्याच नाडी मोजा आणि कालनिर्णयवर लिहा. चार-सहा दिवसांत नेहमीचा आकडा कळतो. त्यापेक्षा दहाने जास्त असेल त्या दिवशी सुट्टी. माझ्या जूनच्या पानावर असं आहे:

१४ जून. नाडी ७४. चालणं १५ मि. दम नाही. दुपारी गाढ झोप.
१५ जून. नाडी ७६. चालणं १५ मि., भिंतीवर जोर ५.
१६ जून. नाडी ८७. काही नाही. आईच्या प्रदक्षिणा मोजल्या, २१.